संगणकाचं पदव्युत्तर शिक्षण आणि अंगी आलेली कौशल्यं : सोलापूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमसीए किंवा एमएस्सी (संगणकशास्त्र) करणारी आणि नुकतीच बाहेर पडलेली आपल्या जिल्ह्यातली मुलंमुली मला जे विचारतात, ते इथं एकत्र केलंय. मी सोलापुरातच शिकले आणि आता शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नोंदींच्या संगणक विभागात काम करते. त्यामुळे उदाहरणं बरीचशी दवाखान्यातली येतील, थोडी टॉवेलच्या कारखान्यातली.

दोन वर्षं शिकले, पण "तुला काय येतं?" असं कुणी विचारलं की तोंडाला कुलूप लागतं. असं माझंच होतं का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि हुशार मुलामुलींकडून जास्त येतो. गुणपत्रिकेवर विषय छापलेले असतात: डेटाबेस (डीबीएमएस), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, संख्याशास्त्र, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. विषय पास होणं वेगळं आणि तो अंगात मुरणं वेगळं, आणि मुरलेलं आपलं आपल्याला दिसत नाही. मुलाखतीत "डीबीएमएस येतं" म्हटलं की समोरचे "नॉर्मलायझेशन सांगा" म्हणतात, म्हणजे तीच माहिती पुन्हापुन्हा न लिहिता तक्त्यांत वाटून ठेवायचे नियम. आपण पहिला, दुसरा, तिसरा नॉर्मल फॉर्म घडाघडा म्हणून दाखवतो आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही.

एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचं झालं. शेवटचं सत्र प्रोजेक्ट नाहीतर इंटर्नशिप खाऊन टाकतं. आपण काय काय शिकलो हे मागं वळून बघायला सवडच उरत नाही, ती मुद्दाम काढावी लागते. खालची बरीचशी उत्तरं त्यासाठीच आहेत.

इन्फॉर्मॅटिक्स आणि संगणकशास्त्र यांत फरक काय?

संगणकशास्त्राचा भर गणन कसं करायचं, किती वेळात आणि किती जागेत करायचं यावर असतो. इन्फॉर्मॅटिक्समध्ये त्याच्या जोडीला माहिती कुठून येते, ती कोण नोंदवतं, कोण वापरतं आणि ती चुकली तर कोणाला सोसावं लागतं, हेही येतं. आरोग्यासाठी हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स, जीवशास्त्रासाठी बायोइन्फॉर्मॅटिक्स अशा त्याच्या शाखा आहेत. पण पदवीच्या नावावर अडून बसू नका. एमसीए झालेली व्यक्ती हे काम उत्तम करू शकते. मी तेच करते.

या शिक्षणातून मिळालेलं सगळ्यात मोठं कौशल्य कोणतं?

माझ्या मते, "या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नक्की काय?" हा प्रश्न वेळेवर विचारता येणं.

ऐकायला फार साधं वाटतं. आता दवाखान्यातलं बघा. डॉक्टर विचारतात, "गेल्या महिन्यात किडनीचे किती पेशंट आले?" केसपेपरच्या खिडकीवरची नोंद बघितली तर एक आकडा येतो, बिलांच्या तक्त्यात बघितलं तर दुसरा, प्रयोगशाळेच्या नोंदीत तिसरा. कुणीही खोटं बोलत नसतं. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो. भेटी मोजल्या तर तो महिन्यात आठ ते बारा-तेरा वेळा मोजला जातो, माणूस म्हणून मोजला तर एकदाच. खाटा किती लागतील, मशिनं किती लागतील हे ठरवायला भेटींचा आकडा हवा. शहरात आजार किती पसरलाय हे बघायला माणसांचा. प्रश्न विचारणाऱ्याला यातलं कुठलं हवंय हे त्याला स्वतःलाच पुष्कळदा सांगता येत नाही, ते आपण बोलून काढून घ्यायचं असतं.

आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याच्या पद्धतीचा, निबंध लिहिला, त्यावर आपला डेटाबेसचा सगळा अभ्यासक्रम उभा आहे. प्रायमरी की (तक्त्यातली ओळ ओळखायची खूण), फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडे बोट दाखवणारी खूण), नॉर्मलायझेशन हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. पण रुग्ण हा एक तक्ता, भेट हा दुसरा, तपासणी हा तिसरा, असं वेगळं केलं की वरचा गोंधळ निम्मा मिटतो. तो पेपर तुम्ही काठावर पास झाला असाल तरी चालेल. समोरच्या वहीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत कोंबल्यात हे दिसायला लागलं असेल, तर डेटाबेस तुम्हाला येतो.

तुम्ही नावांबद्दल एवढं का बोलता? नाव म्हणजे एक रकाना, त्यात काय अवघड?

सोलापुरात राहून हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसं एकाच गल्लीत राहतात. मराठी पद्धत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी. तेलुगू घरांतून घराण्याचं नाव पुढं लावायची रीत आहे. कुणाला आडनावच नसतं. लग्नानंतर बाईची शेवटची दोन्ही नावं बदलतात, आणि माहेरच्या नावानं काढलेला जुना केसपेपर कुणाच्या ध्यानात राहत नाही. खिडकीवर रोज सकाळी रांग असते. "नवीन का जुना?" असं विचारलं की आजीबाई "जुनाच की" म्हणतात, पण मागचं नाव कुठल्या स्पेलिंगनं घातलं होतं हे कोण सांगणार?

संगणकात नाव इंग्रजी अक्षरांत घालायची सवय असल्यानं आणखी फाटे फुटतात. लक्ष्मी कुणी 'के-एस-एच'नं लिहितं, कुणी 'एक्स'नं. एकच गृहस्थ एका कागदावर वेंकटेश, दुसऱ्यावर व्यंकटेश. यासाठी साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, अमेरिकेत १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं होतं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे, स्वर सोडून द्यायचे. लक्ष्मीची दोन्ही स्पेलिंगं 'एल-२५०' या एकाच खुणेवर येतात. वेंकटेश आणि व्यंकटेश दोघेही 'व्ही-५२३'. पण झाकीर 'झेड'नं लिहिला आणि 'जे'नं लिहिला की पद्धत हरते, कारण पहिलं अक्षर ती बदलतच नाही. इंग्रजी नावांसाठी बनवलेली गोष्ट आपल्या पेठांत कुठपर्यंत चालते आणि कुठं थांबते, हे तपासून बघणं हीच पदव्युत्तर पातळी. सूत्र तर कुणालाही सापडतं.

जन्मतारखेचा आधार घ्यावा, तर तिथंही आपल्याकडची एक गंमत आहे. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत १ जून लावून दिलेली असते. दोन नोंदींत ३ ऑक्टोबर जुळली तर तो भक्कम पुरावा. १ जून जुळली तर त्याला फारशी किंमत नाही. जुळवणीच्या सूत्रात हे वजन कमी करावं लागतं, आणि हे सुचायला संख्याशास्त्रही लागतं आणि आपल्या गावातल्या माणसांची माहितीही.

मग जुळणाऱ्या नोंदी संगणकालाच आपोआप एकत्र करू द्याव्यात का?

दवाखान्यात नाही. एकाच माणसाच्या दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर जुना इतिहास हाताशी नसतो, तपासण्या परत कराव्या लागतात. पैसा आणि वेळ जातो. दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी एक झाल्या तर एकाची औषधाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर पडते. दोन्ही चुका सारख्या मोजल्या तर सूत्राची अचूकता कागदावर छान दिसते आणि वॉर्डात माणूस धोक्यात येतो. म्हणून संशयित जोड्या यंत्रानं काढाव्यात, शेवटचा निर्णय माणसानं घ्यावा, आणि केलेली जोडणी परत सोडवता यायला हवी.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यातला १४ अंकी आभा क्रमांक (माणसाची डिजिटल आरोग्य-ओळख) या कामात उपयोगी पडतो. पण अपघात होऊन बेशुद्ध आलेल्या माणसाला आपण क्रमांक विचारू शकत नाही.

मराठीत नोंदी ठेवल्या तर हे सगळं सुटेल ना?

बरंच सुटेल, आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण मराठीचेही आपले पेच आहेत. जुन्या कचेऱ्यांतल्या फायली श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात, कारण आत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, फक्त त्याचं चित्र कुठल्या जागेवर आहे ते साठवलेलं असतं. युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं, हा प्रश्न सोडवला.

तरीही एक बारीक खाच राहते. 'वऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो. एका प्रकारात 'ऱ' या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त आणि पुढं एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावं वाटतात, शोध घेतला तर एक सापडतं आणि दुसरं नाही. युनिकोडची ठरलेली सामान्यीकरणाची पद्धतही या दोघांना एक करत नाही, त्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. कऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हे, सगळीकडे हेच. असा नियम तुम्ही एकदा लिहिला असेल तर तो बायोडाटात जरूर लिहा. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कुणालाही त्याची किंमत लगेच कळेल.

प्रोजेक्टसाठी सोलापुरात कुठला विषय घ्यावा?

लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम आणि हॉटेल बुकिंग आता पुरे करा, ही कळकळीची विनंती. ते आधीच हजारदा झालेलं आहे, आणि त्यात विचारायला समोर कुणी माणूसच नसतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जा. टॉवेल आणि चादरींचे कारखाने आहेत, आपल्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकनही आहे. एखाद्या छोट्या कारखानदाराच्या मुनीमांसमोर बसा आणि त्यांची वही बघा. सूत किलोत येतं, टॉवेल डझनात जातो, मधे वेस्टेज आहे, रंगाईला माल बाहेर जातो आणि परत येताना त्याचं वजन बदललेलं असतं. सुताला काउंट असतो. तो नगांचा आकडा नव्हे, सूत किती बारीक आहे ते त्यावरून कळतं: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस काउंटचं सूत दहा काउंटपेक्षा बारीक. दुहेरी पिळाचं सूत '२/१०' असं लिहितात. हे एक्सेलमध्ये टाकून बघा, त्याची तारीख होऊन बसते.

ही आपल्याकडचीच रड आहे असं समजू नका. माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. 'मार्च-१' हे जनुक, आणि तक्त्यात १ मार्च! जगातल्या शास्त्रज्ञांना जे नडलं ते तुम्हाला मुनीमांच्या टेबलाशी बसून कळू शकतं.

डाळिंबाच्या बागा आहेत, साखर कारखान्यांचे काटे आहेत, विडी कामगार बायकांच्या पान-तंबाखूच्या नोंदी आहेत, महापालिकेचं दिवसाआड नव्हे तर आणखी लांबणारं पाणी आहे. विषयांचा दुष्काळ आपल्याकडे नक्कीच नाही.

माणसांशी बोलणं हे कौशल्य अभ्यासक्रमात कुठं असतं?

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन धड्यांत, 'रिक्वायरमेंट' या नावाखाली, आणि आपण ते धडे घाईनं उरकतो. खरं तर तिथंच थांबायला हवं. नर्सताईंना "तुम्हाला सिस्टिममध्ये काय हवं?" असं विचारलंत तर त्या "लवकर चालायला पाहिजे" एवढंच म्हणतील. त्यापेक्षा रात्रपाळीला त्यांच्या शेजारी उभं राहा. औषध दिल्याची वेळ त्या आधी तळहातावर किंवा कागदाच्या चिठोऱ्यावर लिहितात आणि संगणकात नंतर घालतात, हे तुम्हाला दिसेल. मग सिस्टिममध्ये पडलेली वेळ औषधाची नसून टायपिंगची आहे हे कळतं. हे कुठल्याही बैठकीत कुणी सांगत नाही, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठी माध्यमातून आले. काय करू?

इंग्रजी वाचता यायलाच हवं, त्यात सूट नाही. सगळी मॅन्युअलं, सगळे एरर मेसेज इंग्रजीत असतात. रोज थोडं वाचत राहा, बोलण्याची भीती आपोआप कमी होते.

पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तुम्ही घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, शाळेत मराठी शिकला असाल, शेजारी उर्दू ऐकत वाढला असाल, तर वर लिहिलेलं काम तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्याला जमणार नाही. खिडकीवरच्या आजींशी त्यांच्या भाषेत बोलून त्यांचं जुनं नाव काढून घेणं ही माहिती गोळा करण्याची पहिली पायरी आहे. भाषा येणं हे बायोडाटाच्या तळाशी 'ज्ञात भाषा' म्हणून टाकून देऊ नका. तिचा कामात कुठं उपयोग झाला ते लिहा.

संख्याशास्त्राचा पेपर कशासाठी होता?

एक उदाहरण पुरे. समजा हजार लोकांपैकी दहा जणांना एक आजार आहे. तपासणी आजारी माणसाला शंभरातून नव्वद वेळा बरोबर पकडते आणि निरोगी माणसाला शंभरातून नव्वद वेळा बरोबर सोडते. आता तपासणी 'पॉझिटिव्ह' आली, तर त्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण नव्वद टक्के म्हणतात. मोजून बघा: दहा आजाऱ्यांतले नऊ पकडले जातात, ९९० निरोगींतले ९९ उगाच पकडले जातात. १०८ पॉझिटिव्हपैकी खरे नऊ, म्हणजे साधारण आठ टक्के. हे गणित डोक्यात पक्कं बसलं असेल तर कुठल्याही अचूकतेच्या जाहिरातीला तुम्ही भुलणार नाही.

गोपनीयता हा वकिलांचा विषय नाही का?

नाही, तो आधी आपला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. पण कायदा नसता तरी रुग्णांची यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणं गैरच होतं. "नाव काढून टाकलंय, आता काय हरकत आहे?" हे वाक्य मी फार वेळा ऐकते. लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्याकडे एवढंही लागत नाही. मंगळवेढा तालुक्यातल्या एखाद्या वाडीचं नाव, 'स्त्री, वय ३४' आणि आजार. वाडीतल्या पहिल्याच माणसाला ती कोण ते कळेल. त्या बाईचं लग्न, काम, शेजार सगळं त्याच्याशी बांधलेलं असतं. कोणता रकाना बाहेर द्यायचा नाही, वयाऐवजी वयोगट कधी द्यायचा, गावाऐवजी तालुका कधी द्यायचा, हे ठरवता येणं हे कोड लिहिण्याइतकंच तांत्रिक कौशल्य आहे. अवघडही तितकंच.

प्रोग्रामिंगची कोणती भाषा पक्की करावी?

एक कुठलीही, पण पक्की. पायथन सध्या सोयीची आहे, आणि तिच्या जोडीला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) हवंच.

आता एआय कोड लिहून देतं. मग या पदवीची किंमत काय राहिली?

मी ती साधनं वापरते, चांगली आहेत. रुग्णांच्या नोंदीचा तक्ता आखून द्या म्हटलं की क्षणात देतात, आणि बहुतेक वेळा त्यात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने असतात. तुम्ही वरची उत्तरं वाचली असतील तर यात काय बिघडलं ते तुमच्या लगेच ध्यानात आलं असेल. आडनाव नसलेली बाई खिडकीवर आली की कारकून तिथं टिंब टाकतो, नाहीतर काहीतरी मनानं भरतो, आणि पुढं तीच खरी नोंद होऊन बसते.

म्हणजे लिहिण्याचं काम हलकं झालं, तपासण्याचं जड झालं. तपासायचं तर चाचणीसाठी माल लागतो. मी त्यासाठी एक यादीच ठेवली आहे: दोन्ही प्रकारांनी लिहिलेला वऱ्हाडे, 'झेड' आणि 'जे'चा झाकीर, १ जूनला जन्मलेल्या दोन वेगवेगळ्या लक्ष्मी, आडनाव नसलेली बाई, वय माहीत नसलेले आजोबा, अजून नाव न ठेवलेलं बाळ. कोड माणसानं लिहिलेला असो की यंत्रानं, त्याला या सगळ्यांना सामोरं जावं लागतं. तुमच्या क्षेत्राची अशी यादी तुम्ही बनवा.

कौशल्यं लिहून काढायची म्हणजे नक्की काय लिहायचं?

एक प्रोजेक्ट किंवा एक असाइनमेंट घ्या आणि त्यात तुम्हाला कुठं निर्णय घ्यावा लागला ते शोधा. निर्णय नसेल तिथं कौशल्यही दिसत नाही. मग त्या निर्णयाबद्दल लिहा: पर्याय कोणते होते, यातला हाच का घेतला, तो चुकला असता तर कसं कळलं असतं, आणि कुणाला विचारून तो सुधारला.

बायोडाटात सहसा असं असतं: "डेटाबेस, एसक्यूएल, पायथन यांचं उत्तम ज्ञान." याऐवजी असं लिहून बघा: "टॉवेल कारखान्याच्या सूतसाठ्यासाठी तक्ते आखले. सूत किलोत येतं आणि माल डझनात जातो, म्हणून दोन्ही एककं वेगळी ठेवून प्रत्येक जातीच्या टॉवेलचं प्रमाण वजन मधे घेतलं. वेस्टेज वजाबाकीतून न काढता रोज तोलून नोंदवायचं ठरवलं, म्हणजे चोरी किंवा नोंदीतली चूक वेगळी दिसते." यात एकदाही 'उत्तम' म्हटलेलं नाही, आणि वाचणाऱ्याला तुम्ही कसा विचार करता हे दिसतं.

गटात काम केलं असेल तर आपला वाटा स्पष्ट लिहा. "आम्ही केलं" या शब्दामागं खूप मुली लपून राहतात. स्क्रीन मित्रानं बनवली आणि तक्ते तुम्ही आखले, तर "तक्ते मी आखले" असं लिहा. ती बढाई नव्हे, माहिती आहे.

या पदवीत काय मिळत नाही?

दुसऱ्यानं लिहिलेला जुना कोड वाचायची सवय मिळत नाही. कॉलेजात सगळं कोऱ्या पानापासून सुरू होतं, नोकरीत कधीच नाही. कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं गिट २००५ पासून आहे, तरी मुलं प्रोजेक्टच्या 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-खरं' अशा प्रती पेनड्राइव्हवर घेऊन फिरतात. ते पहिल्या सत्रातच शिकून घ्या. बॅकअप घेणं शिकवतात, तो परत चढवून बघणं कुणी शिकवत नाही. परत चढवून न बघितलेला बॅकअप आहे असं मी धरतच नाही.

सोलापुरात राहून काम मिळतं, की पुण्याला जावंच लागतं?

खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर कंपन्यांमधली बहुसंख्य कामं पुण्यात आहेत, आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलेली आपली मुलं बघितली की ते कळतं. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. जायचं असेल तर खुशाल जा, त्यात गाव सोडल्याचा अपराध वगैरे काही नाही.

पण इथं काम नाही हे मला मान्य नाही. रुग्णालयं आहेत, सहकारी बँका आहेत, साखर कारखाने, कापडाचे निर्यातदार, शिक्षणसंस्था आहेत. या ठिकाणी जाहिरात 'डेटा सायंटिस्ट' म्हणून येत नाही, "कॉम्प्युटर येणारा माणूस पाहिजे" अशी तोंडी येते. पगार पुण्यापेक्षा कमी असतो. त्याच्या बदल्यात पहिल्याच वर्षी अख्खी व्यवस्था हाताखाली येते, पुण्यात तिचा एक कोपरा मिळाला असता. कुणाला काय परवडतं हे घरच्या परिस्थितीवर ठरतं, त्यात मी सल्ला देत नाही.

घरी आई विचारते, "एवढं शिकून तू करतेस तरी काय?" तिला कसं सांगू?

आईला दवाखान्यात घेऊन या. तिचा केसपेपर काढा. तीन वर्षांपूर्वीची तिची शुगर, तिला कुठलं औषध सोसलं नव्हतं, हे डॉक्टरांसमोर पडद्यावर आलेलं तिला दाखवा, आणि हे इथं येण्यामागं तुमचं काम आहे एवढं सांगा. ज्यांनी विड्या वळून, मागावर उभं राहून तुमची फी भरली, त्यांना हे समजावून सांगणं आपलं देणं आहे असं मला मनापासून वाटतं.

मी शेवटच्या सत्रात आहे. आत्ता, या आठवड्यात काय करू?

चारही सत्रांच्या वह्या आणि फायली काढा. रद्दीत घालायच्या आत त्यांतून तुमचे तीन-चार निर्णय शोधा आणि प्रत्येकावर अर्धं पान लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल. मग ते संगणकातलं ओ की ठो न कळणाऱ्या घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. ते जिथं "म्हणजे काय?" विचारतील तिथं खूण करा, आणि तेवढाच भाग परत लिहा. इंग्रजी रूपांतर त्यानंतर. प्रोजेक्टच्या ठिकाणचे मुनीम, नर्सताई, कारकून यांचे फोन क्रमांक जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्यांना विचारा, तुमचं काम अजून वापरात आहे का. नसेल तर का बंद पडलं तेही विचारा आणि त्याच अर्ध्या पानाखाली लिहून ठेवा.